डीएलएचं झाड येत नाही, गोळाच येतो? कोड पुन्हा लिहायच्या आधी हे बघा

फेब्रुवारी संपत आला की एमएस्सीच्या मुलांचे प्रोजेक्ट गळ्याशी येतात, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला कोणीतरी उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन हातांवर धरून लॅबमध्ये शिरतं, "सर, झाड नाही येत, गोळाच येतोय." मी परळच्या बाजूला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. फिजिक्स शिकलोय पण शिकवत नाही, त्यामुळे मुलं गाइडकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात, मार्क कापले जायची भीती नाही ना. हा एकच बिघाड इतक्यांदा काढलाय की आता निम्म्या वेळा स्क्रीन बघायच्या आधीच कळतं काय झालंय. म्हटलं एकदाचं लिहूनच ठेवू.

डीएलए म्हणजे डिफ्युजन लिमिटेड अ‍ॅग्रिगेशन. विटन आणि सँडर या दोन फिजिसिस्टांनी १९८१ साली मांडलं. चौकोनी घरांच्या जाळीवर (हेच ग्रिड, हेच लॅटिस) मधे एक सीड, म्हणजे जागेवर बसलेला पहिला कण, ठेवायचं, लांबून एक कण सोडायचा, तो दारुड्यासारखा भटकत भटकत (हाच रँडम वॉक) सीडला टेकला की तिथेच चिकटला, मग पुढचा कण. बस, एवढंच. आणि यातून जे येतं ते विजेसारखं, जस्ताच्या इलेक्ट्रोडिपॉझिटसारखं (द्रावणात वीज सोडून साचवलेलं जस्त) दिसणारं फांद्याफांद्यांचं झाड असतं, ज्याचं फ्रॅक्टल डायमेन्शन (त्रिज्या वाढते तशी कणांची संख्या तिच्या कितव्या घाताने वाढते तो आकडा) २डी मध्ये साधारण १.७१ निघतं. कोड तीसेक ओळींचा, म्हणूनच सगळे हा प्रोजेक्ट घेतात आणि म्हणूनच सगळे अडकतात.

आधी लक्षणं. आपलं कुठलं ते बघून ठेवा:

– झाडाऐवजी गच्च गोळा, फांद्यांमधल्या खाड्या बुजलेल्या
– सगळ्या फांद्या एकाच दिशेला, बाकी तीन बाजू ओसाड
– पाचशे कणांतच अधिकचं चिन्ह किंवा पतंगासारखा चौकोन
– ग्रिडच्या कडेला हवेत तरंगणारे सुटे कण, कोणालाच न चिकटलेले
– प्रोग्राम लटकतो. एरर नाही, काही नाही, फॅन फिरतोय फक्त
– झाड एकदम झकास पण डायमेन्शन ०.५८, किंवा १.९५, किंवा चक्क ३.९
– आठ रन घेतले आणि आठही सेम टू सेम

खाड्या रिकाम्या का राहतात हे डोक्यात पक्कं बसलं तर अर्धी कारणं आपोआप कळतात. सकाळची फास्ट लोकल आठवा, दारात लटकलेल्याला सगळा वारा आणि आत मधोमध उभ्या असलेल्याला नुसता घाम, कारण वारा आत पोचायच्या आधीच दारातली माणसं अडवतात. इथेही फांदीचं टोक दारात उभं असतं, भटकत येणारा कण बहुतेक वेळा तिथेच अडकतो, आतपर्यंत क्वचितच पोचतो. म्हणून टोक अजून पुढे जातं, आतलं अजून झाकलं जातं. आता तुमच्या कोडमध्ये कण जर कुठल्याही झोलमुळे थेट आत प्रगट व्हायला लागला तर खाड्या भरणारच, गोळा होणारच.

तर सगळ्यात स्वस्त तपासणी, दोन मिनिटांची: चित्र नीट काढलंय का. हसू नका. मॅटप्लॉटलिब ही पायथनची चित्रं काढायची लायब्ररी, तिच्या स्कॅटरमध्ये, म्हणजे ठिपक्यांच्या चित्रात, ठिपक्याचा साइज न सांगता सोडला तर तो ३६ असतो, म्हणजे सहा पॉइंट व्यासाचा भलामोठा ठिपका, आणि कण एकमेकांपासून एक-दोन पिक्सेलवर, मग सगळे ठिपके एकमेकांवर बसून गोळा दिसणार नाही तर काय. मागच्या वर्षी एका मुलीने यापायी रँडम वॉकचा कोड चार वेळा नव्याने लिहिला होता, रडायच्या बेतात होती, मी ठिपक्याचा साइज ०.५ केला आणि आतून सुंदर झाड बाहेर आलं. चार दिवस वाया. स्कॅटर वापरूच नका, ग्रिड थेट आयएमशोने (घराला पिक्सेल असं चित्र काढणारी कमांड) दाखवा, आणि झूम करून बघा, कारण दोन हजार बाय दोन हजारचं ग्रिड छोट्या खिडकीत दाबलं की एक पिक्सेलच्या फांद्या पुसट होतात नाहीतर तुटक दिसतात. स्कॅटरच हवं असेल तर दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं करा, नाहीतर गोल झाड आडवं ताणलेलं दिसतं आणि लोक "ग्रोथ एकसारखी नाहीये" म्हणून रिपोर्टात दोन पानं लिहितात.

दुसरी, एका ओळीची: कण मोजा. पाच हजार सोडले तर सीड धरून ५००१ घरं भरलेली दिसायला हवीत. कमी आली तर कण एकमेकांवर जाऊन बसतायत. हे हमखास होतं ते चिकटण्याची शक्यता १ पेक्षा कमी ठेवली की. कण शेजारी आला, चिकटला नाही, पुढचं पाऊल टाकलं आणि सरळ भरलेल्या घरात घुसला, कारण भरलेल्या घरात जायचं नाही ही अट लिहायची राहिली. मग तो फांदीच्या आरपार जाऊन पलीकडच्या खाडीत चिकटतो. गोळा.

मोजणीतलाच अजून एक किस्सा. झाडाला वयाप्रमाणे रंग द्यायचा म्हणून मुलं ग्रिडमध्ये १ न लिहिता कण कितवा तो नंबर लिहितात, आयडिया चांगली आहे, मीच सांगतो तसं करायला. पण ग्रिड युइंट८ चं, म्हणजे प्रत्येक घराला आठच बिटांचं, असेल तर त्यात २५५ च्या वरचा आकडा मावत नाही, २५६ चा होतो ० आणि ० म्हणजे आपल्या भाषेत रिकामी जागा. नवीन नमपाय २ (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) निदान एरर तरी देतं, जुनं गुपचूप गिळून टाकायचं. आणि याचाच धाकटा भाऊ: पायथनमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणून सीडलाच शून्य नंबर दिला जातो, मग सीड कोणाला दिसतच नाही, कण जन्मभर भटकतो आणि प्रोग्राम लटकतो. लटकलेला प्रोग्राम घेऊन कोणी आलं की मी आधी हे बघतो.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर आता वॉक तपासायचा, पण झाड बाजूला ठेवून. नुसते हजार कण शून्यावरून सोडा, प्रत्येकाला शंभर पावलं चालवा, चिकटायचं काही नाही. शेवटच्या जागांची सरासरी शून्याजवळ आली पाहिजे आणि अंतराच्या वर्गाची सरासरी शंभरच्या आसपास. तिरकं चालायची परवानगी असेल, आठ दिशा, तर दीडशे, कारण तिरक्या पावलाचा वर्ग २ असतो. एवढ्या एका टेस्टने मी जितके कोड पकडलेत तितके कशानेच नाही.

का पकडले जातात ते सांगतो. पायथनच्या स्वतःच्या रँडममध्ये रँडइंट ० ते ३ म्हटलं की ३ धरून चार आकडे मिळतात. नमपायच्या रँडइंटला तेच ० ते ३ सांगितलं तर वरचा आकडा धरतच नाही, ०, १, २ एवढेच येतात. नाव सेम, वागणं वेगळं, डोक्याला शॉट. मग एक दिशा कधी येतच नाही. समजा ३ म्हणजे खाली असं ठरवलंय, तर कण खाली कधीच जात नाही, हळूहळू वर वर सरकत राहतो, म्हणजे सीडपाशी येतो तो खालूनच, आणि झाड वडाच्या पारंबीसारखं खाली लोंबतं. एकाने असं झाड मला दाखवून "सर यात ग्रॅव्हिटी आलीय का" विचारलं होतं. ग्रॅव्हिटी कुठून येणार बाबा, ३ चा ४ कर.

सी मध्ये काम करणाऱ्यांसाठी: रँडम नंबरचा जनरेटर स्वतः लिहू नका. आधीच्या आकड्याला गुणून काहीतरी मिळवून दोनच्या घाताने बाकी काढायची असा जो साधा जनरेटर पुस्तकात असतो त्याचे खालचे बिट फार लवकर फिरून तेच तेच येतात, आणि आपण दिशा काढायला नेमकी चारने बाकी घेतो म्हणजे खालचे दोनच बिट वापरतो. ते दर चार आकड्यांनी जसेच्या तसे परत येतात, चारही दिशा एकेकदा, म्हणजे कण चार पावलांत जिथून निघाला तिथेच परत! मी स्क्रीनवर एका कणाची वाट काढून बघितली होती, छोटासा चौकोन, त्यावरच गिरवतोय बिचारा घाण्याच्या बैलासारखा. मर्सेन ट्विस्टर वापरा किंवा नमपायचा नवीन जनरेटर, आणि विषय संपवा.

कडेला तरंगणारे कण दिसतायत? ही पायथनची खास देणगी. ग्रिडच्या शून्याव्या ओळीत उभं राहून वरचा शेजारी विचारला तर इंडेक्स येतो -१, आणि पायथन एरर न देता गपचूप शेवटची ओळ दाखवतो. म्हणजे वरच्या काठावरच्या कणाला खालच्या काठावरचा शेजारी वाटतो, आणि तो हवेत चिकटतो. ग्रिड मोठं घ्या, आणि झाड काठापासून दहा-वीस घरांवर आलं की रन थांबवा.

आता येतो तो भाग जिथे खरा वेळ जातो: कण सोडायचा कुठून आणि सोडून द्यायचा कधी. झाडाच्या सगळ्यात लांबच्या टोकाचं अंतर कायम लक्षात ठेवायचं आणि त्याच्या जरा बाहेर, पाच-दहा घरं, एका वर्तुळावर कुठल्याही कोनातून कण सोडायचा. वर्तुळच का, तर खूप लांबून येणारा कण त्या वर्तुळाला पहिल्यांदा कुठल्या बिंदूवर टेकेल याची शक्यता सगळीकडे सारखी असते, म्हणून लांबचा प्रवास वाचवून थेट वर्तुळावर ठेवला तरी फिजिक्स बिघडत नाही. चौकोनाच्या बाजूंवरून सोडला, किंवा चार कोपऱ्यांवरून सोडला (बघितलंय), तर ही सवलत मिळत नाही आणि पाचशे कणांतच अधिकचं किंवा गुणिलेचं चिन्ह दिसायला लागतं. आणि वर्तुळ वाढवायचं विसरलात तर झाड एक दिवस त्या वर्तुळाला गाठतं, तिथून पुढे कण फांद्यांच्या मधेच जन्माला येतात आणि बाहेरून एक गच्च कडं तयार होतं, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखं. गोळ्याच्या तक्रारींत स्कॅटरच्या खालोखाल हेच.

लांब गेलेल्या कणाचं काय करायचं? १९२१ साली पोल्या या गणितज्ञाने दाखवलं की २डी मध्ये भटकणारा कण कधी ना कधी परत येतोच, शंभर टक्के, पण सरासरी वेळ बघायला गेलं तर अनंत. प्रोग्राम लटकतो तो बऱ्याचदा याचमुळे, बग नाहीये, कण विरारच्या पुढे गेलाय आणि परत यायला त्याला जन्म लागणार आहे. ३डी मध्ये तर परत येण्याची शक्यताच ३४ टक्क्यांच्या आसपास, तिथे सोडून देण्याला पर्याय नाही. बहुतेक जण झाडाच्या त्रिज्येच्या दुप्पट लांब गेला की मारून टाकतात आणि नवीन सोडतात. चालतं, पण दुप्पट फार जवळ आहे, निकाल थोडा बिघडतो, कारण जो कण उजवीकडून बाहेर गेला तो खरं तर उजवीकडूनच परत यायची शक्यता जास्त होती आणि तुम्ही त्याला डावीकडून सोडलात. पाच-दहापट ठेवा. त्याहून सरळ उपाय म्हणजे मारूच नका, एका उडीत परत वर्तुळावर आणा: कण अंतर आर वर असेल आणि वर्तुळाची त्रिज्या बी असेल तर (आर वजा बी) भागिले (आर अधिक बी) काढा, त्याला टॅन पाय यू ने गुणा, यू म्हणजे ० ते १ मधला रँडम आकडा, त्याचा आर्कटॅन घेऊन दुप्पट करा आणि तो कोन कणाच्या आत्ताच्या कोनात मिळवा. एवढंच. प्रोग्राम पळायला लागतो.

पळवायचाच असेल तर अजून एक युक्ती आहे, झाडापासून लांब असताना मोठी उडी. जवळचं टोक कमीत कमी जितकं लांब आहे तितक्याच त्रिज्येची उडी, कुठल्याही दिशेला. लोक इथे हावरटपणा करतात, झाडाजवळ आल्यावरही पाच-पाच घरांची पावलं टाकतात आणि मग कण फांदी ओलांडून खाडीत. परत गोळा. बाकी स्पीडसाठी नंबा (पायथनचा कोड जोरात पळवणारी लायब्ररी) लावा, रात्रभराचं काम चहा पिऊन येईपर्यंत होतं.

डायमेन्शनवर जास्त लिहीत नाही कारण इथे चुका ठरलेल्या आहेत. त्रिज्येचा लॉग आडवा, कणांच्या संख्येचा लॉग उभा, त्यातून सरळ रेष बसवायची (हाच फिट), तिचा उतार म्हणजे डायमेन्शन. ०.५८ आलं तर उलटं करा, तुम्ही कणांच्या संख्येवर त्रिज्या काढलीत, एक भागिले ०.५८ म्हणजे १.७ च. ३.९ आलं तर एका अक्षावर नॅचरल लॉग आणि दुसऱ्यावर दहाचा लॉग घेतलाय, २.३०३ ने भागा. १.९५ आलं तर एक तर झाड खरंच भरलेलं आहे, नाहीतर वरच्यापैकी काहीतरी सुटलंय, परत मागे जा. १.५ च्या खाली आलं तर फिट कुठून कुठपर्यंत केलाय बघा, पहिले शंभरेक कण सोडून द्यायचे, आणि वर्तुळं काढून आतले कण मोजत असाल तर बाहेरच्या कडेपर्यंत जायचं नाही, तिथे झाड अजून अर्धवट वाढलेलं असतं, आकडा खालीच येणार. आणि एका झाडावर कधीच थांबू नका, एकाचं १.६२ येतं दुसऱ्याचं १.७८ येतं, वीस झाडांची सरासरी घ्या. फिटची रेंज सरकवत सरकवत १.७१ वर आणून ठेवणारे महाभाग दरवर्षी दोन तरी असतात, व्हायवाला परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात, "इथूनच का फिट केलं?" मत्सुशिता वगैरेंनी १९८४ मध्ये जस्ताची खरीखुरी पानं वाढवून मोजलं तेव्हा १.६६ च्या आसपास आलं होतं, त्यांनी तेच छापलं.

वीस झाडं एकदम काढायला मल्टिप्रोसेसिंग लावलं आणि सगळी सारखीच आली? लिनक्सवर प्रोसेस फोर्क होताना, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल निघताना, नमपायच्या रँडमची अवस्थाही जशीच्या तशी कॉपी होते. प्रत्येकाला वेगळा सीड नंबर (झाडाचं सीड नव्हे, रँडम जनरेटर जिथून सुरू होतो तो आकडा) द्या, आणि तो लिहून ठेवा.

सगळ्यात अवघड शेवटी. वरचं सगळं बरोबर आहे, कण लाखाच्या पुढे नेलेत, आणि आता झाड हळूहळू पतंगासारखं, मग चार हातांचं होतंय. हा तुमचा बग नाही. चौकोनी लॅटिसच्या चार दिशा झाडात उतरतात, सुरवातीला दिसत नाही, मोठं झालं की दिसतं, आणि डायमेन्शनही १.५ कडे घसरायला लागतं. १९८० च्या दशकातच हे लक्षात आलं होतं. पाचशे कणांवर पतंग म्हणजे बग, लाखावर पतंग म्हणजे लॅटिस, हे लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. उपाय एकच, लॅटिस सोडा. कणाला दशांशातली जागा द्या, कुठल्याही कोनात पाऊल, टेकला की नेमका टेकेल तिथेच थांबवा, एकमेकांत रुतायला नको. शेजारी शोधायला जागेचे खण पाडावे लागतात, आणि तिथे इंट वापरू नका, फ्लोअर वापरा, कारण इंट -०.९ लाही शून्य करतो आणि ०.९ लाही, म्हणजे शून्याचा खण दुप्पट रुंद होतो आणि नेमका अक्षांवर गोंधळ दिसतो. दोन-तीन दिवसांचं काम आहे. सबमिशन परवा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, लॅटिसवरचंच ठेवा आणि रिपोर्टात तसं सरळ लिहा.

थांबायचं कधी? माझा हिशोब असा: वॉकची टेस्ट पास, मोजणी पास, लॅटिसशिवाय वीस झाडं, तरी सरासरी १.६५ ते १.७५ च्या बाहेर, तर तो प्रश्न आता माझ्यासारख्याचा नाही, गाइडकडे जा, किंवा गाइडच्या ओळखीने स्टॅटिस्टिकल फिजिक्सच्या माणसाकडे. मुंबईत अशी माणसं आहेत, या विषयातलं २०२२ चं बोल्ट्झमन मेडल मिळालेले दीपक धर कित्येक वर्षं आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्येच (टाटा मूलभूत संशोधन संस्था) होते. आणि कोड सोडून थांबायची एक वेळ: लॅपटॉपचा ट्रॅकपॅड वर उचललेला दिसला, तळाला फुगवटा आला तर ती बॅटरी आहे, रन तिथेच बंद करा, चार्जर काढा आणि रिपेअरवाल्याकडे न्या, मे महिन्यात एसी बंद असलेल्या लॅबमध्ये रात्रभर रन लावणाऱ्यांना हे खास सांगतोय.

आणि एक अगदी स्पष्ट. सिम्युलेशनच्या जोडीला "खरं" झाड म्हणून मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवरून आणून लाकडावर विजेच्या फांद्या जाळायचे व्हिडिओ बघून कोणी येतं. साधारण २००० व्होल्ट असतात त्यात, आणि यात माणसं मेलीयत. हे करायचं नाही. प्रोफेशनलला बोलवूनही करायचं नाही. प्रात्यक्षिक हवंच असेल तर दोन काचांच्या मधे ग्लिसरिन आणि त्यात सिरिंजने रंगीत पाणी, बोटं फुटतात तशा फांद्या फुटतात, हात फक्त चिकट होतात.

गाइडकडे जाताना सोबत न्या: सीड नंबर, कणांची संख्या, शंभर पावलांच्या टेस्टचे दोन आकडे, आणि एका कणाची काढलेली वाट. झाडाचं चित्रही न्या, पण स्कॅटरचं नको.